हरणासाठी कुठली गोळी? दीडशे, एकशे पासष्ट की एकशे ऐंशी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेल्या जागा तेवढ्या काढल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कानात हेडफोन घालून बसमध्ये बसलेले, भांडी घासत ऐकणारे, रात्री झोप येत नाही म्हणून लावलेले, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आलाय. हा मुलगा मूळचा आपल्याकडचाच, आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातला एक वयस्कर सहकारी त्याला नोव्हेंबरच्या शेवटी हरणाच्या शिकारीला घेऊन जाणार आहे. त्या काकांनी स्वतःची जुनी थर्टी-ओ-सिक्स रायफल वापरायला देऊ केलीय आणि म्हणाले, काडतुसं मात्र तू आण. हा दुकानात गेला. फळीवर एकाच रायफलसाठी पंधरा-वीस प्रकारचे डबे. कुणावर १५० लिहिलंय, कुणावर १६५, कुणावर १८०. कुणाच्या टोकाला लाल प्लास्टिक, कुणाचं टोक शिशाचं, कुणी अख्खं तांब्याचं. तो मला विचारतो, "दादा, यातलं घेऊ कुठलं? आणि फरक पडतो का?"

फरक पडतो. कसा, ते आज बोलू.

आधी दोन गोष्टी. भारतातून ऐकणाऱ्यांनो, आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळ, सांबर, भेकर, काळवीट, कशाचीही शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे आजची चर्चा अमेरिकेतल्या कायदेशीर शिकारीची आहे. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, सरकार सीझन ठरवतं, परवाने विकतं, आणि पेनसिल्व्हेनियात तर सीझनच्या सुरुवातीला कित्येक शाळांना सुट्टी असते. आपल्याकडे बैलपोळ्याला गावात जसं वातावरण असतं ना, तसं काहीसं.

दुसरी गोष्ट अमेरिकेत व्हिसावर असलेल्यांसाठी, आणि ही नीट ऐका. एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतुसं जवळ बाळगायलाही मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, आणि त्यानंतर काडतुसांचा डबा. उलटा क्रम झाला तर प्रकरण व्हिसापर्यंत जाऊ शकतं. शंका असेल तर वकिलाला विचारा, पॉडकास्टवाल्याला नाही.

आता गोळी. आपण मराठीत "गोळी" म्हणतो तेव्हा सगळं एकातच मोजतो. (आणि "बुलेट" म्हटलं की आपल्याला आधी एन्फिल्ड आठवते, ते सोडा.) रायफलमध्ये आपण भरतो ते काडतूस. त्यात पितळेची केस, तळाशी प्रायमर, आत दारू, आणि पुढे बसवलेली असते ती गोळी, म्हणजे बुलेट. उडून जाते ती फक्त गोळी. डब्यावरचा १५० किंवा १८० हा आकडा त्या एकट्या गोळीचं वजन आहे, ग्रेनमध्ये.

ग्रेन म्हणजे किती? हे एकदम घरगुती निघालं. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, सुमारे ०.०६५ ग्रॅम. आणि आपला जुना तोळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८३३ साली बरोबर १८० ग्रेन ठरवला होता. हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण आजीच्या पाटल्यांचा तोळा होता ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे १८० ग्रेन. बारा मासे म्हणजे एक तोळा, म्हणजे एक मासा पंधरा ग्रेनचा. तर दुकानातली १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा, १६५ म्हणजे अकरा मासे आणि १५० म्हणजे दहा मासे. सगळी चर्चा चाललीय ती दोन माशांच्या फरकाची. हे डोक्यात ठेवा, कारण इंटरनेटवर या दोन माशांवरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात.

मग या गोळीनं करायचं काय असतं? हरणाचं मर्मस्थान म्हणजे पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीत, हृदय आणि दोन्ही फुप्फुसं. साधारण आठ इंचांचं वर्तुळ धरा, जेवणाच्या ताटापेक्षा थोडं लहान. गोळी तिथे शिरली, आत गेल्यावर तिचं टोक पसरलं आणि रुंद जखम करत ती पार गेली, तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. पसरलीच नाही तर सुईसारखी आरपार जाते. हरीण पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडून मरतं, तुम्हाला सापडतही नाही. आणि उलट, चामडीखालीच तिचे तुकडे तुकडे झाले तर वरवरची भयंकर जखम होते, आतपर्यंत काही पोचत नाही. त्याचाही शेवट तोच.

सगळा प्रश्न या दोन टोकांच्या मधलं गाठायचा आहे. पसरली पाहिजे, पण फुटता कामा नये.

इथे एक गंमत बघा. पसरणाऱ्या गोळीचा इतिहास भारतातनं जातो. कोलकात्याजवळ दमदमला ब्रिटिशांचा शस्त्रकारखाना होता. तिथे १८९०च्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यानं टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी काढली, म्हणून जगभर तिला "दमदम" म्हणू लागले. माणसांवर ती इतकी क्रूर ठरली की १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्यानं युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. तेव्हापासून सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या कवचात असते, तिला फुल मेटल जॅकेट म्हणतात. आणि शिकारीत नेमकं उलट! पेनसिल्व्हेनियासह अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी पसरणारीच गोळी वापरायची असा नियम आहे. हेतू सरळ आहे, जनावर लवकर मरावं. म्हणून दुकानात सगळ्यात स्वस्त दिसणारा, "एफएमजे" लिहिलेला डबा सरावासाठी ठीक, पण तो घेऊन जंगलात जायचं नाही.

वजनाकडे येऊ. लोकांना वाटतं, जड गोळी म्हणजे जास्त ताकद. थर्टी-ओ-सिक्सचे आकडे बघा. १५० ग्रेनची गोळी नळीतून साधारण २,९०० फूट प्रति सेकंदानं निघते, १८० ग्रेनची २,७०० नं. हलकी वेगवान, जड संथ. ऊर्जा मोजली तर दोन्ही २,८०० ते २,९०० फूट-पाउंडांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सारखीच. रायफल शंभर यार्डांवर जुळवली तर दोनशे यार्डांवर दोघींच्या खाली येण्यात इंचभराचाही फरक पडत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत तर बहुतेक वेळा हरीण शंभर यार्डांच्या आतच दिसतं.

आणि समोर जनावर केवढं? तिथला मोठा नर दीडशे ते दोनशे पाउंडांचा, म्हणजे सत्तर ते नव्वद किलो. छातीची रुंदी हातभरही नाही. एवढ्यातून पार जायला दहा माशांची गोळी पुरते आणि उरते. १८० ग्रेन खरी कामाला येते ती एल्क किंवा मूससाठी, ज्यांची हाडं जाड आणि वजन कित्येक पट. हरणावर ती चालत नाही असं नाही, छान चालते. पण तिचा धक्का जास्त बसतो. नवख्या माणसानं दोन-चार वेळा तो खांद्यावर खाल्ला की शरीर शिकतं, आणि पुढच्या वेळी घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो. मग गोळी पोटात जाते. पोटात लागलेलं हरीण ही शिकारीतली सगळ्यात वाईट गोष्ट. माझ्या मते नवख्यासाठी वजन ठरवताना खांद्याचा विचार हरणाच्या आधी करावा.

आता मला ज्यात खरा रस आहे तो भाग. डब्यावर मोठ्या अक्षरात वजन असतं म्हणून सगळे वजनाबद्दल बोलतात. पण गोळी बांधलीय कशी, आणि हरणावर पोचताना तिचा वेग किती, या दोन गोष्टींची जोडी वजनापेक्षा कितीतरी महत्त्वाची.

उदाहरण देतो. थर्टी-थर्टी ही १८९५ सालापासूनची, लिव्हर ओढून चालवायची रायफल. वेस्टर्न सिनेमात बघता तसली. तिच्यात १५० ग्रेनची गोळी साधारण २,४०० फुटांनी निघते. थ्री-हंड्रेड विन्चेस्टर मॅग्नममध्येही १५० ग्रेनची गोळी असते, जाडी तीच, इंचाचे ३०८ हजारांश. पण ती निघते जवळजवळ ३,३०० फुटांनी. वजन तेच, जाडी तीच, वेगात नऊशे फुटांचा फरक! पहिलीतली मऊ गोळी दुसरीत घातली तर हरणाच्या खांद्यावर फुग्यासारखी फुटेल. दुसरीतली कडक गोळी पहिलीत घातली तर उघडायचीच नाही. म्हणून "मी दीडशे ग्रेन वापरतो" हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही.

अंतराचंही तसंच. थर्टी-ओ-सिक्सची तीच १५० ग्रेनची साधी गोळी शंभर यार्डांवर साधारण २,६०० फुटांवर येते आणि चारशे यार्डांवर १,८५० च्या आसपास. बहुतेक साध्या शिशाच्या गोळ्यांना नीट पसरायला १,८०० फूट तरी लागतात. म्हणजे जवळून मारताना फुटायची भीती, लांबून मारताना न उघडायची. वायोमिंगच्या उघड्या माळावरचा शिकारी आणि पेनसिल्व्हेनियाच्या ओकच्या झाडीतला शिकारी, दोघांची रायफल एक असली तरी प्रश्न वेगळे आहेत.

प्रकार कुठले? सगळ्यात साधी म्हणजे आत शिसं, बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच, टोकाला शिसं उघडं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून अशीच आहे. स्वस्त, प्रत्येक दुकानात मिळणारी, आणि मध्यम वेगाला हरणासाठी उत्तम. जाहिरातीत तिचं नाव कमी दिसतं, पण त्या काकांच्या पिढीचे फ्रीझर तिनंच भरलेत.

मग प्लास्टिकच्या टोकाच्या. ते रंगीत टोक शोभेचं नाही. हवा कापायला मदत करतं, आणि आदळल्यावर मागे ढकललं जाऊन गोळी पटकन उघडतं. यातल्या काही फार लवकर उघडतात. फासळ्यांमधून फुप्फुसात गेली तर हरीण जागेवर पडतं. पण तीस-चाळीस यार्डांवर खांद्याच्या हाडावर बसली तर त्या बाजूचं मांस रक्तानं काळंनिळं होऊन टाकून द्यावं लागतं.

तिसरा प्रकार म्हणजे बॉन्डेड. यात शिसं कवचाला चिकटवलेलं असतं, म्हणून पसरते पण सुटत नाही. आणि यांची थोरली बहीण नोस्लर पार्टिशन. तिची गोष्ट छान आहे. १९४६ साली जॉन नोस्लर नावाचा माणूस कॅनडात ब्रिटिश कोलंबियाला मूसच्या शिकारीला गेला. त्या मूसच्या अंगावर चिखल वाळून जाड थर झाला होता. नोस्लरची मॅग्नम रायफल, वेगवान गोळ्या, पण त्या वरच्यावर फुटत राहिल्या, आत जाईनात. घरी येऊन त्यानं गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग पसरायला मोकळा, मागचा अर्धा भिंतीआड शाबूत, आत घुसायला. १९४८ पासून ती विकली जातेय. पसरणं आणि घुसणं या दोन कामांची त्यानं सरळ वाटणीच करून टाकली.

चौथा प्रकार पूर्ण तांब्याचा. शिसं अजिबात नाही. टोकाला पोकळी असते, आदळल्यावर पाकळ्या उघडतात आणि गोळी जवळपास सगळं वजन राखून आरपार जाते. यात एक हिशेब लक्षात ठेवायचा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. आणि तिला उघडायला वेग जास्त लागतो, बऱ्याच गोळ्यांना २,००० फुटांच्या आसपास. त्यामुळे तांब्यात एक पायरी खाली उतरायचं. शिशात १६५ घेतली असती तर तांब्यात १५०. हलकी म्हणून कमी पडेल ही भीती नको, ती तुटतच नाही.

या तांब्याच्या गोळीमागचं कारण घरच्या ताटापर्यंत येतं. शिशाची गोळी हरणात फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्यानं गरिबांसाठीच्या अन्नकेंद्रांना सांगितलं की दान आलेला हरणाचा खिमा वाटू नका. त्यानंतर ७३८ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं न खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. फरक मोठा नव्हता. पण लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नसते, त्यामुळे ज्या घरात पाच वर्षांचं पोर त्या खिम्याचे कबाब खाणार आहे, तिथे मी तरी तांब्यालाच मत देईन.

पक्ष्यांचं तर याहून वाईट झालं. शिकारी हरणाची आतडी जंगलात टाकून येतात, कॅलिफोर्नियाचा काँडर ती खातो आणि शिशानं मरतो. १९८२ साली जगात २२ काँडर उरले होते. शिशाचं विष हे त्यामागचं एक मोठं कारण. आपली गिधाडं डायक्लोफेनॅकनं गेली, गुरांना टोचलेलं औषध मेलेल्या गुराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं. म्हणून आपल्याकडे २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाची गोळी बंद केली. मेलेलं खाणाऱ्या पक्ष्याच्या ताटात माणूस काय वाढतो, दोन्हीकडे गोष्ट तीच.

मधेच एक गैरसमज. "जड, बोथट गोळी झुडपातनं सरळ जाते" असं अनुभवी लोकही सांगतात. जात नाही. कुठलीही गोळी फांदीला लागली की भरकटते, कमी-जास्त एवढंच. मध्ये फांदी असेल तर घोडा दाबायचा नाही. बोथट गोळीचं खरं कारण वेगळं आहे. थर्टी-थर्टीसारख्या जुन्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्याच्या प्रायमरला टेकली आणि धक्का बसला तर आतच स्फोट व्हायचा. म्हणून तिथे टोक चपटं, किंवा त्यासाठीच बनवलेल्या मऊ टोकाच्या गोळ्या.

आणि कुणी टू-फॉर्टी-थ्री वापरत असेल, बऱ्याच जणांना सुरुवातीला तीच देतात कारण धक्का कमी, तर ५५-५८ ग्रेनचे डबे हरणासाठी नाहीत. ते छोट्या, शेताची नासाडी करणाऱ्या प्राण्यांसाठी, मुद्दाम फुटायला बनवलेले. हरणासाठी ९० ते १०० ग्रेन. शंका असेल तर डब्यावर कुठल्या प्राण्याचं चित्र आहे ते बघा. हसू नका, खरंच उपयोगी पडतं.

तर आपल्या श्रोत्यासाठी. रायफल थर्टी-ओ-सिक्स, झाडी, अंतर शंभर-दीडशे यार्ड, हरीण. १५० किंवा १६५ ग्रेनची साधी शिसं-कवचवाली किंवा बॉन्डेड गोळी घे. घरात लहान मुलं असतील किंवा मांस कुणाला वाटणार असशील तर १५० ग्रेनची तांब्याची. दोन्हींत मला विचारशील तर तांब्याची, पैसे जास्त लागले तरी. वर्षाला हरणावर गोळ्या उडतात एक-दोन, त्यात कसली बचत.

पण घेताना एकाच प्रकारचे दोन-तीन डबे एकदम घे. कारण दोन वेगळ्या गोळ्या एकाच रायफलमधून एकाच जागी लागत नाहीत, कधीकधी शंभर यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक पडतो. स्वस्त गोळीनं दुर्बीण जुळवली आणि जंगलात महागडी नेली, तर ती जुळणी फुकट. ज्या डब्यानं जुळवली तोच डबा खिशात. आणि डबा उचलताना नळीवर कोरलेलं नाव आणि डब्यावरचं नाव अक्षरशः शेजारी ठेवून वाच. १५० ग्रेन थ्री-ओ-एटच्या डब्यावरही लिहिलेलं असतं, आणि ते काडतूस तुझ्या रायफलचं नाही.

जंगलात जाताना अंगावर भगव्या रंगाचं जाकीट आणि टोपी लागते, पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच. गोळी झाडल्यावर हरीण पळालं तर लगेच धावायचं नाही. ते कुठे उभं होतं ती जागा नजरेत पक्की धरायची आणि अर्धा तास बसून राहायचं. मागे लागलात तर जखमी हरीण मैलभर जातं, सोडलंत तर बहुधा शंभर पावलांवर आडवं होतं. मग त्या जागेवर जाऊन रक्त बघायचं. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, माग काढत निघा. हिरवट, वास मारणारं असेल तर पोटात लागलंय, आणखी कित्येक तास थांबावं लागेल. रात्र झाली तर टॉर्च घेऊन, त्या काकांना सोबत घेऊन शोधायचं, पण शोध सोडायचा नाही.

माग कसा काढायचा हा एक पूर्ण भाग होईल, तो पुढच्या वेळी. प्रश्न असतील तर खाली लिहा. भेटू.